डाव्या दाराचा आवाज

माझा डावा कान एका सकाळी गेला. दुखलं नाही, काही वाजलं नाही. नवघरच्या घरात झोपेतून उठलो तेव्हा डोक्याच्या डाव्या बाजूला कुणी उशी दाबून धरल्यासारखं वाटत होतं. मळ साचला असेल म्हणून आठ दिवस कोमट तेलाचे थेंब टाकत बसलो. मग डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी तपासणीचा कागद समोर ठेवला आणि म्हणाले, "नस गेलीय. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर काही करता आलं असतं. आता हा कान परत येईल असं धरून चालू नका."

मी "बरं" म्हणालो आणि विचारलं, गाडी खाली गेटसमोर लावलीय, ती काढून येऊ का. बायको माझ्याकडे बघत राहिली. मला खरोखरच गाडीची काळजी वाटत होती. बाकी काही वाटत नव्हतं.

पुढचे कितीतरी दिवस तसेच गेले. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे, तिथे मी माल पाठवायचं काम बघतो. पॉलिशची मशिनं दिवसभर किंचाळत असतात. बरोबरचा एकजण म्हणाला, "सही है, अब आधा ही सुनना पड़ेगा." मी हसलो. त्याचा राग आला नाही आणि हसूही खरं आलं नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो. लोक विचारायचे, मी ठीक आहे म्हणायचो, आणि ते खोटंही नव्हतं.

गाणी तेवढी सुटली. माझ्या आवडीच्या एका गाण्यात तबला डाव्या बाजूला होता. एकदा इअरफोन लावले तर तबला नव्हताच. बाई गात राहिली, तिच्याखाली काही नव्हतं. इअरफोन काढून ड्रॉवरमध्ये टाकले.

गाडीत सगळा आवाज एकाच कानात गोळा व्हायचा. ऐकू यायचं, पण कुठून येतंय ते कळायचं नाही. मागून हॉर्न वाजला की मी दोन्ही आरसे बघायचो. डिकीच्या एका कोपऱ्यात मात्र कंपनीनेच बसवलेला एक छोटा सबवूफर, खर्जाचा स्पीकर, होता. त्याचा घुमणारा आवाज सीटच्या पाठीतून बरगड्यांत यायचा. कान गेल्यावर मला अंगाला काही लागत असेल तर तेवढंच. म्हणून तो मोठा करून घ्यायचं मनात आलं. हौस अशी नव्हती. दाढ दुखते तिथे जीभ जाते, तसं काहीतरी.

कारखान्यातल्या टेम्पोवाल्याने भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी गावातल्या एका अंकलचा पत्ता दिला. पूर्वी ते गावांतल्या लग्नांना स्पीकर बांधायचे, आता घरापुढच्या अंगणात गाड्यांचं काम करतात. एका रविवारी सकाळी निघालो. बायको म्हणाली, मीही येते. ती घरी ब्लाउज शिवते, रविवारी तिच्याकडे गिऱ्हाइकांची रांग असते, तरी आली. पूल ओलांडून पश्चिमेला आलो, मग मुर्धा, राई, मोर्वा. माझ्या शेजारी बसून ती सारा वेळ मिठागरांकडे बघत होती. हल्ली ती गाडीत बोलत नसे. मला वाटायचं, तिलाही बोलावंसं वाटत नसेल.

अंकल सत्तरीचे होते. त्यांनी डिकीत डोकं घातलं, जुना सबवूफर चालू करून त्यावर तळहात ठेवला.

"खोका चांगला हाय," ते म्हणाले. "आतला स्पीकर बदलू. त्याला वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर देऊ. डिकी भरून टाकायची गरज न्हाय."

मी त्यांना कानाचं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, कारखान्यातही निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"बासला उजवं-डावं न्हाय," ते म्हणाले. "दोन कानवाल्यालाबी तो कुठून येतो ते कळत न्हाय. इथं तुमी आनि मी सारखेच."

ते चांगलं बोलले, हे मला कळलं. कळलं तेवढंच.

दुपारपर्यंत स्पीकर बसला. अंकलनी एक गाणं लावलं. पहिलाच ठोका पडला आणि सगळी गाडी वाजायला लागली. पत्रा, प्लॅस्टिक, काच, काय काय. जुन्या स्पीकरने कधी इतकं हलवलंच नव्हतं, त्यामुळे सैल झालेलं सगळं आतापर्यंत गप्प होतं. माझ्या एका कानात तो सगळा खडखडाट एकच ढीग होऊन आला.

"आता एकेक शोधायचं," अंकल म्हणाले. त्यांच्या फोनवर नुसते सूर होते, अगदी खालच्या खर्जापासून वर चढत जाणारे. एक सूर सोडायचा. त्या सुरावर जे थरथरेल ते शोधायचं, हाताने दाबून बघायचं. दाबल्यावर आवाज थांबला की तिथे पट्टी लावायची. "तुमी फोन धरा. ऐकायला दुसरं कोनतरी पायजे. माझे कान बी आता जुने झाले."

बायको ओट्यावर बसली होती. तिने चप्पल काढली, पदर खोचला, मागची सीट पाडली आणि रांगत डिकीत शिरली. "लावा," म्हणाली.

मी पुढे चालकाच्या सीटवर बसून सूर सोडत होतो. ती आतून सांगत होती. तिचं मशीन बिघडायच्या आधी तिला त्याच्या आवाजावरून कळतं, सुई मोडणार की दोरा अडकणार. इथेही तेच. नंबरप्लेट तिने पहिल्या झटक्यात पकडली. मग डिकीच्या झाकणामागचं प्लॅस्टिक. मग स्टेपनीच्या खड्ड्यातला जॅक, तो अंकलनी जुन्या टॉवेलात गुंडाळून परत ठेवला. झाकणाच्या पत्र्याला आतून रबरासारखी जाड काळी शीट चिकटवली आणि लाकडी रूळ फिरवून घट्ट दाबली. प्लॅस्टिकच्या कडांना फेल्टच्या जाड कापडाची पट्टी लावली. ती तिने पर्समधल्या आपल्या कात्रीने कापली, अंकलची कात्री तिला बोथट वाटली.

घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते. मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी पुढचा सूर सोडला.

डिकी शांत झाली तरी कुठेतरी बारीक चरचर होती. अंकलना वाटलं मागची काच. बायको बाहेर आली, गाडीला वळसा घातला आणि पुढचं डावं दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसली. दाराच्या पॅनेलवर खाली हात दाबला. चरचर थांबली. हात काढला, सुरू झाली. मला ती चरचर आधीही नुसतीच कुठूनतरी ऐकू येत होती आणि आताही तशीच.

"हा आजचा नाही," ती म्हणाली. "हा उन्हाळ्यापासून वाजतोय. मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"कधी?"

"गाडीतच. तीन-चारदा सांगितलं."

ती माझ्या डाव्या हाताला बसली होती. गाडीत ती नेहमीच माझ्या डाव्या हाताला बसते. मी तिच्याकडे तोंड करून बसलो होतो म्हणून आता ऐकू आलं. गाडी चालवताना मी समोर बघतो.

"आणखी काय काय सांगितलंस?" मी विचारलं.

"बरंच. आधी वाटायचं तुम्ही रागात आहात. मग वाटलं, ऐकायचंच नाहीये तुम्हाला. मग सोडलं."

"मला वाटलं तूच बोलत नाहीस."

"घरी बोलते की. घरी मी उजवीकडे येते. रस्त्यातही येते. गाडीत कुठे येणार?"

ती इतके दिवस उजवीकडे येत होती, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. अंकल स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. आमच्याकडे न बघता त्यांनी दाराचं पॅनेल सोडवलं. आत एक क्लिप तुटली होती. त्यांनी दुसरी बसवली, वायरीला स्पंजची पट्टी गुंडाळली, पॅनेल परत ठोकून बसवलं. मी खालपासून वरपर्यंत सगळे सूर पुन्हा सोडले. ती मान हलवत राहिली. नाही. नाही. आता नाही.

निघताना ऊन उतरलं होतं. मी चालकाच्या बाजूचं दार उघडलं तशी ती म्हणाली, "चावी द्या."

तिने लायसन्स काढलं होतं लग्नानंतर काही वर्षांनी, क्लास लावून. त्यानंतर गाडी चालवली नव्हती. मी, "मोर्व्याला रस्ता अरुंद आहे," म्हणालो. ती म्हणाली, "हळू नेते," आणि हात पुढे करून उभी राहिली. मी चावी दिली.

तिने फार हळू नेली. मागून रिक्षावाले हॉर्न देत पुढे गेले, बसवाल्याने तर शेजारी येऊन हिंदीत काहीतरी सुनावलं. गाडी दोनदा बंद पडली. सबवूफर आम्ही लावलाच नाही. राईच्या वळणावर तिने खांदे थोडे सैल सोडले आणि बोलायला लागली. बेव्हर्ली पार्कच्या एका बाईने एकाच ब्लाउजची बाही तीनदा उसवायला लावली, त्याची हकिगत. मग तिच्या माणगावच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन. ते एप्रिलमध्येच झालं होतं. मला ते तेव्हा कळायला हवं होतं. मी विचारलं, "आता चालते का ती?" ती म्हणाली, "चालते. काठी लागते."

एकेक शब्द स्पष्ट येत होता. मला रडू वगैरे आलं नाही. मी फक्त ऐकत होतो आणि मध्ये मध्ये हं म्हणत होतो.

त्यानंतर रविवारी तीच गाडी चालवते. आता बंद पडत नाही. मागच्या आठवड्यात उड्डाणपुलावर ती मला सांगत होती की घरात दुसरं मशीन घ्यायचंय, खिडकीपाशी ठेवायचं, त्यासाठी माझं कपाट हलवावं लागेल. मी नको म्हणालो. त्यावर आम्ही घरापर्यंत भांडलो.