चंदेरी रंगाखालचा जोड

नोकरीत बरेच गुन्हे तपासले. पण नेमकं घडलं काय हेच कळेना, अशी अवस्था एकदाच झाली. म्हणून अमळनेरजवळच्या तेल कारखान्यातली ती घटना मनातून जात नाही.

बॉयलरमधली नळी फुटून तिथला कामगार भाजला होता. "त्याने पाण्याची पातळी पाहिली नाही," अशी फिर्याद व्यवस्थापकाने दिली. इस्पितळात जबाब घेताना कामगार एकदा म्हणाला, "पाहिली होती." नंतर म्हणाला, "आठवत नाही." माझा संशय बळावला.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. "साहेब, त्यासनी चूक नही शे. त्या नळीले नुसता रंग दिधेल शे."

बॉयलर तपासणाऱ्या सरकारी बाष्पक निरीक्षकांना सोबत घेऊन पंचनामा केला. सगळ्या नळ्या सारख्याच चंदेरी. निरीक्षक म्हणाले, "हा रंग नाही. ॲल्युमिनियमचा थर आहे, भट्टीत तापवून पोलादात मुरवलेला. इथे कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या जाळतात. तसल्या दमट धगीत साध्या पोलादाचे पापुद्रे सुटतात. थर ते थांबवतो."

म्हणजे नळीला नुसता रंग दिलाय, असं सांगणारी बाई खोटं बोलली? मला काही सुधरेना.

मग निरीक्षकांनी फुटलेल्या नळीचा जोड खरवडला. चंदेरी पूड गळाली. खाली काळे पापुद्रे. "हा मात्र रंग," ते म्हणाले. "त्याखाली पोलाद झिजलं आणि नळी इथेच फुटली. पाणी कमी असतं, तर शेजारच्या नळ्याही वाकल्या असत्या."

तो जोड देणाऱ्या वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, "जोड द्यायला थर घासावाच लागतो. पुन्हा थर द्या, असं मी सांगितलं होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, रंग मार."

व्यवस्थापक म्हणाला, "मला वाटलं, रंग आणि थर एकच." चेहरा इतका भोळा, की मी पुन्हा गोंधळलो. कालपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

"मग वेल्डर कशाला थर मागत होता?" मी विचारलं.

 तो चिडून म्हणाला, "एका जोडासाठी बॉयलर बंद ठेवायचा? हंगाम निघून गेला असता!"

हयगयीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला.

बरा झाल्यावर कामगार बायकोसोबत ठाण्यात आला. आभार मानायला आला असेल, असं वाटलं. तो उभाच राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मी पाणी पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतंस," मी म्हणालो. तेव्हा कुठे तो खुर्चीवर बसला.

दहा जणांनी दोष दिला, की निर्दोष माणसाचाही स्वतःवरचा भरवसा उडतो. त्यानंतर जबाबात कोणी अडखळला, म्हणून मी त्याला गुन्हेगार धरलं नाही.