तीट

महाप्याच्या आमच्या कारखान्यात धातूच्या ऑक्साइडच्या भुकटीपासून पारदर्शक सिरॅमिक बनतं. भट्टीतून दुधट निघालेली प्लेट घासून घासून काचेसारखी आरपार दिसायला लागते. बंदोबस्ताच्या गाड्यांना काचेऐवजी ती बसवतात, कारण तिच्यातून गोळी जात नाही. मात्र आत एखादा डाग राहिला, तर गोळी तिथूनच वाट काढते. तो डाग शोधणं हे माझं काम.

पॉलिशला करावे नावाच्या कोळ्यांच्या गावातले एक काका होते. नाव मी कधी विचारलंच नाही. घासून झालेली प्लेट माझ्याकडे देण्याआधी ते करंगळीने वरच्या कोपऱ्यात काजळाचा ठिपका लावायचे. मी चिडून तो पुसायचे.

"काका, ही काय बारशातली पोर आहे?"

"ताई, आमी नव्या होडीलापन तीट लावतो. इतक्या नितळ वस्तूला नजर लागते."

एकदा साहेबांनी ते पाहिलं आणि काजळाची डबी कचऱ्यात फेकली. काका भांडले नाहीत. हातातल्या प्लेटमधून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, "आमी नाय लावली, तर ती आपली आपन लावून घेल."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत.

काल नव्या माणसाने घासलेली पहिली प्लेट आली. वरच्या कोपऱ्यात करंगळीच्या टोकाएवढा काळा ठिपका. सवयीने मी फडका घेतला. या बाजूने पुसलं, मग त्या बाजूने.

ठिपका आत होता.

आज जेवणाच्या डब्याबरोबर मी काजळाची डबी आणली आहे.