सवतीच्या माहेरचं घड्याळ

माझं लग्न झालं तेव्हा आमच्या मालकांची पहिली बायको वारून काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. तिची लुगडी वाटून टाकलेली, भिंतीवर फोटोसुद्धा नव्हता. मला वाटलं, बरं झालं, या घरात कुणाची सावली नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून ह्यांनी कपाटातून मलमलीची घडी काढली. आत सोन्याचं घड्याळ, खिशात ठेवायचं. झाकणावर द्राक्षाचा वेल कोरलेला, पानांच्या शिरा दिसतील इतका नाजूक, मधे दोन पाखरं. ह्यांनी ते कानाला लावलं, हळूहळू चावी दिली, मग फुंकर मारून पुसलं. एवढ्या मायेनं ह्यांनी मला अजून हातही लावला नव्हता.

"कुठलं हो?" मी विचारलं.

"स्वित्झर्लंडचं हाय. तिच्या वडलांनी लग्नात दिलेलं."

'तिच्या' म्हणताना ह्यांचा आवाज खाली गेला. मेलेल्या बाईशी भांडणार कसं? तिच्या भाकरीला नावं ठेवता येत नाहीत की तिच्या माहेराला टोमणे मारता येत नाहीत. रोज सकाळी ते चावी द्यायचे आणि मी चुलीपाशी बसून जळायचे. एकदा म्हटलं, "आणा, आज मी देते चावी."

"तुझ्यानं जमायचं न्हाई. जास्त पिळली तर स्प्रिंग तुटंल."

पुन्हा विचारलं नाही.

पुढं दुष्काळ पडला. दिंद्रुडला आमचं भुसाराचं दुकान होतं आणि हे गावच्या सोसायटीचे चेअरमन. सोसायटीनं कडब्याचा डेपो उघडला. हे तिथं उभे राहून कोटाच्या खिशातून घड्याळ काढायचे, खट्‌दिशी झाकण उघडायचे आणि म्हणायचे, "चला, डेपो बंद करायची वेळ झाली." लोक कौतुकानं बघत. कुणीतरी हटकून विचारी, कुणाचं देणं हो हे? आणि हे सांगत. गावभर तिचंच नाव.

अशात एके दुपारी हे शिरूर कासारहून परत आले. बैलगाडीत एक म्हातारा, एक म्हातारी, पितळेची घागर आणि पांघरुणाचं गाठोडं. तिचे आईवडील. तिकडच्या विहिरी आटल्या होत्या. भावकीतले सगळे ऊसतोडीला निघून गेलेले, मागं ही दोघंच उरली होती.

"मला इचारायचं तरी," मी आत जाऊन ह्यांना म्हटलं.

"इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

ते खरंच होतं.

दोघांना काय म्हणून हाक मारायची तेच मला कळेना. ताट वाढायचे, पाणी द्यायचे आणि सरकायचे. म्हाताऱ्यानं पहिल्याच सकाळी घड्याळ मागून घेतलं. निजामशाही गेल्यावर एका जहागीरदाराचं सामान विकायला निघालं, त्यात त्यानं ते घेतलेलं. वेलावरून बोट फिरवत तो बसून राही, आणि हे समोर. दोघांत शब्द नसायचा. त्या गप्प बसण्याचा मला बोलण्याहून जास्त राग यायचा.

एकदा मी आणि म्हातारी तांदूळ निवडत होतो. आतून चावीचा करकर आवाज आला आणि माझा हात थांबला. म्हातारीनं बघितलं.

"तुजाबी जीव जळतो का गं त्या डबड्यावर?"

मी तांदळातला खडा काढून टाकला.

"माजी लेक तर लग्नात रुसून बसली होती. म्हणली, ल्हानपणापासून मी मागतेय ते घड्याळ, आन् दिलं कुणाला, तर जावयाला! नांदायला आली तरी जावईबापूंनी तिला कदी त्याला हात लावू दिला न्हाई. माहेरी आली की त्याच्यावरूनच रडायची."

मला हसू फुटलं. मग म्हातारीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझी सवत दिसली: नाक फुगवलेली, हट्टी, माझ्याच वयाची पोर.

म्हातारी उठली आणि थेट माजघरात गेली. मी मागं.

"जावईबापू, हिच्या हातात द्या ते."

"अवो, हिच्यानं..."

"माज्या लेकीलाबी हेच म्हणत होता ना तुमी?"

ह्यांचं तोंड उतरलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. ह्यांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. मला वाटलं होतं त्याहून ते जड होतं, आणि ह्यांच्या हातानं कोमट झालेलं. मी चावी पिळली. बोटाला ताण लागला तशी थांबले. काही तुटलं नाही.

तेव्हापासून चावी माझ्याकडे आली. हे जवळ उभे राहून बघत, पण तोंड उघडत नसत.

पाऊस झाल्यावर दोघं शिरूरला परतली. पुढं म्हातारा गेला तेव्हा मीच ह्यांना म्हटलं, जाऊन घेऊन या त्यांना. म्हातारी शेवटपर्यंत आमच्याकडे राहिली. माझी पोरं तिच्याच मांडीवर वाढली, आणि मी तिला आई म्हणायला लागले ते कधी, मला आठवत नाही.

एका दिवाळीला माझी सख्खी आई आली. मी म्हातारीला न्हाऊ घालत होते. आईनं पिशवी उंबऱ्यातच ठेवली.

"आमाला कदी घातलंस गं असं न्हाऊ?" ती म्हणाली, आणि जेवायला बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.