खंडेनवमीचं तेल

कडूबा मगरे आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले त्याला चार वर्षं झाली. मूळचे हसनाबादचे. दहावीनंतर अठरा वर्षं त्यांनी भोकरदनला गफूर उस्तादांच्या गॅरेजात ट्रॅक्टर आणि जीपा दुरुस्त केल्या. पुढे जालन्याबाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवण्याचं एक छोटं केंद्र निघालं, तिथे ते मदतनीस मेकॅनिक म्हणून लागले. नोकरी कराराची. यंदा नोव्हेंबरात एकाला कायम करणार होते आणि तो माणूस कडूबाच, असं सगळे धरून चालले होते.

गफूर उस्तादांचा एक नियम होता. खंडेनवमीला गॅरेजातले बाकीचे लोक हत्यारं पुजायचे. उस्ताद मुसलमान, कडूबा बौद्ध. दोघं बाजूला उभे राहायचे. पण त्या दिवशी उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या इंजिनात उस्ताद स्वतःच्या हातानं भारीतलं तेल ओतायचे. "सब पेढे खातात, मशीननं काय गुनाह केला?" म्हणायचे. उस्ताद वारले, तरी कडूबांनी हा नियम सोडला नाही.

यंदा खंडेनवमी बुधवारी, १ ऑक्टोबरला होती. सकाळी कडूबा मोटारीच्या सिंथेटिक तेलाचा डबा पिशवीत घालून निघाले.

"माह्या मिक्सरचे कधी एवढे लाड केले का?" त्यांची बायको बेबीनंदा म्हणाली.

"मिक्सर उडतो का तुहा?"

विमानाच्या इंजिनात लिटरभर तेल कमी होतं. एरवी ते स्टोअरमधून घेतात. त्या दिवशी त्यांनी पिशवीतलं घातलं. नोंदवहीत 'तेल एक लिटर' एवढंच लिहिलं. कुठलं तेल, हे तिथे कोणी लिहीत नसे, कारण स्टोअरमध्ये एकाच जातीचं येई.

रविवारी दुपारी ते इंजिनाचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. मी वाचते आणि मराठीत सांगते. ५ तारखेला तेलाचं प्रकरण निघालं. विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. पूर्ण सिंथेटिक तेल ते शिसं धरून ठेवत नाही, आत गाळ साठतो. शिवाय मोटारीच्या तेलात जी द्रव्यं मिसळलेली असतात त्यांची राख होते. ती सिलिंडरमध्ये तापते आणि पेट्रोल भलत्या वेळी पेटतं. म्हणून मोटारीचं तेल, कितीही भारी असलं तरी, थेंबभरही घालू नये.

"पुन्हा वाचा, बाई," कडूबा म्हणाले.

मी वाचलं.

"मी घातलंय. लिटरभर. शुक्रवार-शनिवार दोन दिवस उडालं बी. उद्या तृप्ती एकटी उडनार हाय."

तृप्ती जाफराबादच्या एका शिक्षकाची मुलगी, केंद्रात विमान शिकायला आलेली. तोवर दर वेळी विमान शिकवणारे शेजारी बसत. सोमवारी ती पहिल्यांदा एकटी जाणार होती.

"तुम्ही घातलंत हे कुणाला ठाऊक आहे?"

"कोनालाच न्हाई."

ते पुस्तक तसंच उघडं ठेवून उठले आणि मोटारसायकल काढून इंजिनिअर रामराव तौरांच्या घरी गेले. तिथलं बोलणं नंतर त्यांनीच मला सांगितलं.

"विमानाला दसरा केला तुम्ही?" रामराव म्हणाले.

"केला, साहेब."

"हे मला वर लेखी द्यावं लागतं. मंग कायम नोकरीचं विसरा."

"द्या. पर सकाळी विमान बाहेर काढू नका."

सोमवारी इंजिनातलं सगळं तेल काढलं. फिल्टर कापून आतला कागद पसरून पाहिला; धातूचा कण नव्हता. सिलिंडर आतून तपासले. तेही ठीक निघाले. दोनच दिवसांत काही बिघडलं नव्हतं, पुढे बिघडलं असतं की नाही हे कोणी सांगू शकलं नाही. अहवालावर कडूबांनी सही केली. शुक्रवारी केंद्रानं कायम नोकरीसाठी बबलूचं नाव पाठवलं. तो त्यांच्यानंतर दोन वर्षांनी लागलेला.

त्याच दिवशी तृप्ती एकटी उडाली, अकरा मिनिटं.

बेबीनंदा सोमवारपासून नवऱ्याशी बोलत नव्हती. ताट वाढून ठेवायची आणि आत जायची. शुक्रवारी संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी तिच्या ओट्यावर बसले होते. कडूबा आले, हातपाय धुतले आणि बबलूचं नाव गेल्याचं सांगितलं. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर तिनं विचारलं,

"पोरगी बराबर उतरली ना खाली?"

"उतरली."

"मंग बसा जेवायला."