काटा मोडला असेल

माझ्या छोट्या गाडीला वळणावर कलायची खोड होती. डिंभ्याच्या रस्त्याला तर ती इतकी झुकायची की मलाच शरम वाटायची. म्हणून मागच्या दोन चाकांना जोडणारी बारीक लोखंडी दांडी, म्हणजे अँटी-रोल बार, काढून टाकली आणि चांगली जाड दांडी बसवून घेतली. गाडी काय सुधारली म्हणता! वळण कसंही असो, ही ताठच्या ताठ. फार कडक वळण असलं की आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं. तसं झालं की समजायचं, काम फत्ते.

हे दाखवायलाच गावी गेलो. डांबरी सोडून आमच्या रानाकडं वेगातच कडक वळण घेतलं, तेव्हा वडील बांधावर उभे होते. त्यांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. गाडी थांबते न थांबते तोच जवळ आले आणि म्हणाले, "मागचा पाय उचलतीय. काटा मोडला आसंल."

मी वैतागलो. दांडी, झुकणं, पकड, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं हाय की," म्हणाले, आणि चाकाशी उकिडवे बसून टायरवरून बोटं फिरवायला लागले. लहानपणी मला मेंढराची मान धरायला लावताना खेकसायचे, तस्सेच खेकसले, "उभा काय राह्यलास? धर की तिला!"

हँडब्रेक लावलेला होता. तरी मी पुढं झालो आणि दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभा राहिलो.