सलमाला कळविणेबाबत

ऑफिसात असताना किस्से गोळा करावे लागत नसत. ते टेबलावर धुळीसारखे जमायचे आणि धुळीसारखेच कोणी झटकायचं नाही. रिटायर झाल्यावर थांबतील असं वाटलं होतं. झालं उलटंच. माणसं कमी होत गेली, किस्से वाढत गेले. नांदेडच्या आमच्या कट्ट्यावर एके काळी अकरा जण बसायचे. आता गफूरभाई, देवणीकर आणि मी. तिघांत मिळून दोन धड गुडघे आणि एक रोबो!

*

रोबो गफूरभाईंचा. गफूरभाई म्हणजे आमचे अव्वल कारकून. बीबी गेल्यापासून घरात एकटेच. मुलगी सलमा लातूरला कॉलेजात शिकवते. तिकडे चला म्हणून मागे लागली की यांचं ठरलेलं उत्तर, "लातूरला नळाला आठ आठ दिवस पाणी येत न्हाई. मी नमाजाआधी वजू कशानं करू?"

शेवटी तिने रोबो आणून ठेवला आणि अट घातली. "अब्बा, हा सोबत असेल तर राहा नांदेडला. पण तुम्हाला एकटं राहणं जमत नाही असं यानं एकदा जरी कळवलं, तर मी गाडी घेऊन येईन."

कमरेइतकी उंची, खाली चाकं, तोंडाच्या जागी स्क्रीन. गफूरभाईंना ऐकू कमी येतं, म्हणून तो फोनवर मेसेज पाठवून बोलायचा. आम्हा दोघांना प्रत. काहीही करण्याआधी काय करणार आणि मनात काय वाटतंय, हे त्याने सांगायचं. म्हातारी माणसं दचकू नयेत म्हणून!

पहिला मेसेज आला. "मी आता तुमच्याकडे येत आहे. मला आनंद होत आहे."

गफूरभाई तेव्हा संडासात होते. तिथूनच उत्तर गेलं, "येऊ नये!"

*

दुसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज, "तुम्ही जेवला नाहीत. माझं मन जड झालं आहे. मी खिडकीपाशी उभा राहून विचार करत आहे."

गफूरभाई भडकले. "हे काय लावलंय? माझी बीबी चाळीस वर्षांत असलं बोलली न्हाई!"

त्यांनी रोबोला समोर उभं केलं आणि टिप्पणी कशी लिहायची ते शिकवलं. विषय, संदर्भ, मजकूर, सादर. तासाभरात शिकला. "आपल्या ज्युनिअरला तीन वर्षं लागायची," देवणीकर म्हणाला. देवणीकर आमचा टायपिस्ट. अजूनही बोलताना बोटं हलतात.

दुसऱ्या दिवशी तिघांच्या फोनवर आलं:

"विषय: काळजी वाटणेबाबत. संदर्भ: न उघडलेला डबा. उपरोक्त विषयान्वये काळजी वाटत आहे. माहितीस्तव सादर."

गफूरभाईंनी शेरा मारला, "पाहिले. फाईल करावे."

डबा तसाच राहिला.

*

देवणीकरने एकदा रोबोला सरळ विचारलं, "का रे, तुला खरंच काळजी वाटते का नुसतं लिहून राहिलास?"

मग मेसेज आला, "निश्चित सांगता येत नाही. मात्र काळजी वाटते असे लिहिल्यावर आपण दोघे इकडे येता, असे दिसून आले आहे."

मी म्हटलं, "म्हणजे ढोंगी आहे."

"असू दे की," देवणीकर म्हणाला. "आपण तीस वर्षं खाली 'आपला विश्वासू' टाईप केलं. कोणत्या साहेबावर विश्वास होता?"

*

मग एका सोमवारी गफूरभाई साडेदहाला डबा घेऊन ऑफिसात हजर झाले. जुन्या टेबलाशी गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "मॅडम, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलात."

बाई चांगल्या होत्या. उठल्या. आम्ही जाऊन आणेपर्यंत गफूरभाई दोन फाईली तपासून मोकळे झाले होते. त्यातल्या एकीत चूकही सापडली म्हणे!

संध्याकाळी रोबोचा मेसेज. "विषय: सलमाताईंना कळविणेबाबत. सदर घटना कळविणार आहे. वाईट वाटत आहे. दहा मिनिटे हरकतीसाठी थांबत आहे."

आम्ही दोघांनी हिशेब केला. सलमा येणार, घराला कुलूप लागणार, कट्ट्यावर दोघंच उरणार. आमची हरकत गेली की रोबो कळवायचा थांबायचा. आणि कागद अडवणं हे काम आम्हाला शिकवायला नको.

देवणीकरने लिहिलं, "संदर्भ जोडला नाही. त्रुटी काढून परत."

रोबोने संदर्भ जोडला. मी लिहिलं, "घटनेची वेळ नमूद नाही. परत." त्याने वेळ टाकली. "साक्षीदार?" त्याने बाईंचं नाव टाकलं. "सदर बाईंचे म्हणणे?"

सगळ्या नोकरीत इतक्या एकजुटीनं आम्ही एकही काम केलं नव्हतं.

*

गफूरभाईंची तब्येत मात्र त्रुटीसाठी थांबली नाही. गॅस चालू राहू लागला. बीबीच्या नावाने हाका सुरू झाल्या. दर वेळी टिप्पणी आली, दर वेळी आम्ही परत केली.

एका दुपारी मेसेज आला. मी पत्ते पिसत होतो. देवणीकरने न वाचताच टाकलं, "संदर्भ जोडावा."

आम्ही तो वाचला संध्याकाळी. "ते एकटे स्टेशनच्या दिशेने गेले आहेत. मला पायऱ्या उतरता येत नाहीत. भीती वाटत आहे."

रात्री किनवटहून एका रेल्वेवाल्याचा फोन आला. यांच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता. आम्ही गाडी करून गेलो. गफूरभाई बाकड्यावर बसलेले, हात मांडीवर. पहिली नेमणूक त्यांची किनवटची.

"जॉइन व्हायला आलोय," मला म्हणाले. "साहेब आले न्हाईत अजून."

परतीच्या वाटेत देवणीकरची बोटं हलली नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी. गफूरभाई दाढी करून बसलेले, अगदी ताजेतवाने. तेवढ्यात टिप्पणी आली. मागच्या सहा तारखा, सगळ्या त्रुटींची पूर्तता, खाली तेच. कळविणार आहे, दहा मिनिटे थांबत आहे.

देवणीकरने फोन हातात घेतला.

"कुणाचं प्रकरण आहे?" गफूरभाईंनी विचारलं.

देवणीकर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "आहे एक रिटायर माणूस. पोरीला कळवायचंय."

"इकडं आणा."

त्यांनी चष्मा पुसला. प्रत्येक ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं, पूर्वी वाचायचे तसं. किनवटच्या ओळीवर बोट जरा थांबलं. मग पुढे सरकलं.

"कागद बरोबर आहे. इतक्या वेळा परत कुणी केला?"

"आम्ही."

"शरम वाटायला पाहिजे! कुणाचा तरी बाप आहे तो."

त्यांनी स्वतःच्या बोटाने 'मंजूर' टाईप केलं आणि पाठवून दिलं. फोन देवणीकरच्या हातात ठेवला.

"आणि त्या माणसाला बाहेर ताटकळत ठेवू नका," गफूरभाई म्हणाले. "आत बोलवा. चहा पाजा त्याला."