टकरीची रिकामी बाजू

कणांना प्रचंड वेग देणाऱ्या प्रवेगकातल्या दोन कणांच्या टकरीचं चित्र स्क्रीनवर होतं. सगळ्या रेषा डावीकडे उधळलेल्या, उजवीकडे काहीच नाही. न दिसणारा कृष्णद्रव्याचा कण निसटून गेला, तर मागे अशीच रिकामी बाजू उरेल. मी मीनलला बोटाने ती बाजू दाखवली. शेजारी बसलेल्या तिने तपासून पाहिलं.

"तिकडचा डिटेक्टर बंद पडलाय रे," ती म्हणाली.

नेहमीचंच. रिकामं दिसलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, हीच आमची शिस्त.

बाबा गेल्यापासून आई पलंगाच्या कडेला अंग चोरून झोपते. उरलेल्या जागेवरची चादर सकाळी तशीच ताठ असते. "हे इथेच असतात," ती म्हणते. तेव्हा मी पलंगाकडे बघतच नाही, तिच्याकडे बघतो, यंत्र तपासावं तसं. आणि ते तिला कळतं.